वर्गाच्या दारावरचा माझा फोटो

सेंट पीटर्सबर्ग, रविवार

बाबा,

तुम्हाला नमस्कार लिहायचं मन नव्हतं, पण ईमेलने पाठवलेलं हे पत्र आईही वाचेल म्हणून लिहिते. मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धेत आम्ही हरलो. तिघींच्या संघाला एकच संगणक असतो. माझी पाळी आली आणि मी बुद्धिबळाच्या पटासमोर बसावं तशी चाळीस मिनिटं नुसता विचार करत राहिले. "अगं शोघिक, लिही तरी! चुकलं तर पुन्हा पाठवता येतं," संघातली माझी मैत्रीण लुसिने ओरडली. पण पूर्ण विचाराआधी सोंगटीला हात लावला की तुम्ही बोटांवर पट्टी मारायचात. हात उठलाच नाही.

आणि तुम्ही तिकडे ग्युमरीत तुमच्या बुद्धिबळाच्या वर्गाच्या दारावर माझा फोटो लावून लिहिलंत, 'बुद्धिबळामुळे प्रोग्रॅमिंगमध्ये चमकली'! चिकाटी पटावर शिकले, हे मान्य. बाकी सगळं रोज प्रोग्रॅम लिहून, चुकून शिकले. तो फोटो आजच काढा.

आपली धाकटी नाझेली फोनवर रडत होती. आता तिच्याही बोटांवर मारता म्हणे. ती नऊ वर्षांची आहे, बाबा. मी परवाचं तिकीट काढलंय. तिला वानाद्झोरला मावशीकडे नेणार आहे. आई, तिचे गरम कपडे बांधून ठेव.

आईची आणि नाझेलीची,
शोघिक