वहीत राहून गेलेलं घर

६ जाने., सोम.
पत्र आलं. आपलं गाव मनपात. महिनाअखेर ग्रा.पं.चं सगळं दप्तर वॉर्ड ऑफिसात जमा करायचं. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी मोठ्याने वाचून दाखवलं, मग चष्मा पुसत बसले. त्यांचं काय, दुसऱ्या गावी बदली. मी सतरा वर्षं इथे लिपिक. माझ्यासाठी एकच ओळ, "कर्मचाऱ्यांबाबत निर्णय स्वतंत्रपणे." तीनदा वाचली.
यांना सांगितलं. म्हणाले, टेन्शन घेऊ नकोस. स्वतः मात्र अर्धी भाकरी टाकून उठले.

७ जाने.
सकाळपासून ऑफिसात गर्दी. सगळ्यांचा एकच प्रश्न, आमचं घर वहीत आहे ना? गावात पसरलंय की ग्रा.पं.च्या वहीत असलेली घरं जुनी धरणार, बाकीची अनधिकृत. खरं-खोटं भाऊसाहेबांनाही माहीत नाही. पण हायवेकडच्या चाळीचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. जेसीबी आल्यावर कोणी कोणाचं ऐकत नाही.

९ जाने.
बबनभावजी आले. धाकटे दीर. दोन वर्षांपूर्वी शेताच्या कडेला तीन मजले चढवले, परवानगी कसलीच नाही. चहा झाला, मग म्हणाले,
"वहिनी, वहीत मधे एखादी ओळ रिकामी असेलच ना?"
मी कप विसळत राहिले.
"एकच ओळ. तारीख जुनी टाकायची. कोण बघतंय?"
हे पेपर धरून बसलेले. बराच वेळ पान उलटलं नाही.
मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

१० जाने.
वही जमा करण्याआधी पान न् पान तपासायला घेतली. ८६ नंतर एकदम ८८. घर नं. ८७ नाहीच.
अक्षर माझं. ऑफिसात पाणी शिरलं त्या वर्षी भिजलेल्या वहीवरून ही नवी मीच उतरवली. जुनी सडली, टाकून दिली.
८६ पाटलांचं, ८८ देवळाशेजारचं. मधलं जानकीकाकूंचं. कौलारू, खाडीकडे तोंड असलेलं.
एवढी वर्षं मला कळलं कसं नाही? भाऊसाहेबांना एवढंच सांगितलं, एक नंबर सुटलाय.

१३ जाने.
काकूंकडे गेले. ओट्यावर जवळा निवडत होत्या. घराचा काही कागद आहे का, विचारलं.
"कागद कसला? सासऱ्यानं बांधलं. माजी चार बालंतपनं याच घरान झाली." मग हसून म्हणाल्या, "घरपट्टी येत नाय कवाची. तू माफ केलीस ना मना? नवरा गेला म्हनून. मी कोनाला बोलले नाय."
म्हणजे त्या इतकी वर्षं माझे उपकार मानत होत्या. त्यांनी जवळा बांधून दिला, तो घेऊन आले.

१५ जाने.
भावजी थेट ऑफिसात. भाऊसाहेबांकडून कळलं म्हणे, एक नंबर सुटलाय.
"तो माझा समजा, वहिनी."
मी म्हटलं, तो जानकीकाकूंचा आहे.
"म्हातारीच्या झोपडीला कोण हात लावणार? माझे तीन मजले आहेत. पोरं आहेत." जाताना दाराशी थांबले. "नंबर सुटला तो तुमच्या हातून ना? भाऊसाहेबांना हे ठाऊक नाही वाटतं अजून."
आवाज चढवला नाही. म्हणूनच जास्त भीती वाटली.

१६ जाने.
यांना सगळं सांगितलं. "बबन माझा भाऊ आहे," एवढंच. थोड्या वेळाने, "आणि नोकरी तुझी आहे." म्हणजे मी करायचं काय?

१७ जाने.
काकूंचं नाव जुन्या तारखेने घातलं तर? घर खरंच जुनं आहे, खोटं काहीच नाही. पण मग भावजींना कुठल्या तोंडाने नाही म्हणू? पेन उघडून बसले. बंद केलं. परत उघडलं.
नाही जमलं.

२० जाने., सोम.
साध्या कागदावर लिहिलं, आजची तारीख घालून. नवी वही उतरवताना घर नं. ८७ माझ्या नजरचुकीने राहिलं, मालक जानकीकाकू. खाली पाटील आणि देवळाशेजारचे दादा, दोघांच्या सह्या.
भाऊसाहेबांनी सावकाश वाचलं. "मॅडम, हे दप्तराबरोबर गेलं की तुमचा खुलासा मागणार. तिकडे कर्मचाऱ्यांची यादी करायच्या वेळेलाच." मग हळू आवाजात, "फाडू का? मी पाहिलंच नाही असं धरू."
मान हलवली. नाही म्हणून.
त्यांनी आवक नंबर टाकला, कागद दप्तरात गेला.

२१ जाने.
काकूंना सांगून आले.
"म्हंजे माफ नव्हती?"
"नाही काकू. माझ्याकडून राहिलं."
"आन् घर?"
"माहीत नाही."
त्या आत वळल्या. बस म्हणाल्या नाहीत. तशीच उन्हातून निघाले.

२४ जाने.
टेम्पो आला, दप्तर गेलं. कपाटं उघडी. भावजी रस्त्यात भेटले, न बघता गेले. जाऊबाईंनी फोन उचलणं बंद केलंय. आज गावाबाहेर जेसीबी दिसला म्हणे. नाल्याचं काम निघालं. तोवर निम्मं गाव रस्त्यावर.

३१ जाने., शुक्र.
वॉर्ड ऑफिसचं पत्र. सोमवारी अकरा वाजता मूळ नेमणूक आदेशासह समक्ष हजर राहावे. कारण लिहिलेलं नाही. हे म्हणतात, नोकरीत घेण्याचंच असणार, आदेश कशाला मागतील नाहीतर? मला वाटतं खुलासा. नोकरी काढून घ्यायची तरी आदेशच मागतील.
दुपारी काकू दारात. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. पत्राचं कोणी सांगितलं कोण जाणे.
"मी पन येईन. घर माजं हाय, मी नको तिथं?"
म्हटलं, काकू, तिथे तुमचं ऐकतीलच असं नाही. तुमच्यासमोर मला काय बोलतील, तेही माहीत नाही.
"बोलूदे."
पाणी दिलं. अर्धा पेला पिऊन उठल्या. माझ्यावरचा राग गेलाय असं वाटलं नाही. सोमवारी साडेनऊला स्टॉपवर उभ्या राहणार आहेत.