फोनची तोंडं

सोमवार, ४ मार्च

नोकरी लागली, तीही अगदी मनासारखी! जुन्या यंत्रांचं छोटंसं संग्रहालय. पूर्वी या इमारतीत पाण्याचे पंप होते म्हणे. आता त्या उंच दालनात छपाईची यंत्रं, शिवणयंत्रं, टाइपरायटर आणि एका भिंतीला ओळीने काळे, जाडजूड टेलिफोन. माझं काम लोकसंपर्काचं. संचालकबाई म्हणाल्या, लोक आपल्याकडे फिरकत नाहीत, तेव्हा आपणच यंत्रं घेऊन त्यांच्याकडे जायचं. बोलण्यात बाईंचा हात कोणी धरणार नाही. यंत्रं दुरुस्त करणारे मिस्त्री अगदी उलट. मी ओळख करून दिली तर नुसती मान हलवली. घरी ताईला सांगितलं, तर म्हणाली, मग काय, त्यांच्या वाटचंही तूच बोल! सध्या मी तिच्याकडेच राहते. आई गेल्यापासून ती फार एकटी पडली आहे.

मंगळवार, ५ मार्च

शुक्रवारी वृद्धाश्रमात पहिला कार्यक्रम. तिथे न्यायला मी दोन फोन निवडले. तारेने जोडले की या खोलीतून त्या खोलीत बोलता येतं. पुसायला घेतले, तर रिसीव्हरच्या बोलायच्या बाजूची भोकं ओली. वास घेतला आणि पस्तावले. सकाळी चूळ भरायच्या आधी तोंडाला येतो ना, तो वास. स्पिरिटने खसखसून पुसलं. जेवून आले तर पुन्हा ओलं. मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी काही न बोलता फोन माझ्या हातातून घेतले, कपाटात ठेवले आणि वर कुलूप ठोकलं. बाईंनी ते लगेच उघडायला लावलं. दमट हवा आहे, दुसरं काय, असं त्यांचं म्हणणं.

शुक्रवार, ८ मार्च

कार्यक्रम झकास झाला. पक्षाघातानंतर ज्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, ते टोपीवाले आजोबा रिसीव्हर हातात येताच घडाघडा बोलायला लागले. म्हणे, पलीकडे बायको आहे. ती तर कधीच वारली. पलीकडच्या फोनवर मी होते, आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. पण सगळ्यांचे डोळे भरून आले होते. मग काय, रांगच लागली.

परत आणताना रिसीव्हरमधून लाळेची तार लोंबत होती. ती माझ्या बाहीवर पडली. भोकांवर सायीसारखा पापुद्रा धरला होता. नखाने ओढला तर नुसता ताणला गेला, तुटेना. कोमट होता. मी गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला ओकले.

रविवार, १० मार्च

आश्रमातल्या नर्सबाईंचा निरोप आला. फोनवर बोललेल्या सगळ्यांची तोंडं कोरडी ठाक पडली आहेत. आजोबांची जीभ टाळूला चिकटली होती, चमच्याने सोडवावी लागली. आवाज पुन्हा गेला. तरी सगळे खुणेने एकच मागतात, फोन आणा.

सोमवार, ११ मार्च

पेचकसाने एका रिसीव्हरचं झाकण उघडलं.

आत तारा नाहीत. हिरड्या आहेत. मऊ, गुलाबी. त्यांत पिवळट दात, कोणी आणून ठेवलेले नाहीत, उगवलेले. त्यांच्या मुळाशी किटण. मध्ये काहीतरी वळवळलं आणि माझं बोट चाटलं. सालटं निघेपर्यंत हात धुतले, तरी वास जात नाही. घास तोंडाजवळ नेला की तोच वास.

मिस्त्रींना ओढत आणलं. त्यांनी पाहिलं आणि माझ्यासमोर आपलं तोंड उघडलं. आत जीभ नाही. जखमही नाही. वाटीच्या तळासारखं गुळगुळीत.

बाई म्हणाल्या, गेलेलं माणूस पुन्हा भेटतं, थोडी लाळ गेली तर काय बिघडलं? बुधवारी आसपासच्या सगळ्यांना इथेच बोलावलंय. फोनची कल्पना तुमचीच की!

बुधवार, १३ मार्च

कार्यक्रम थांबवायला गेले. दालन खचाखच भरलेलं. भिंतीला चिकटून माणसं, रिसीव्हर ओठांवर, आणि सगळीकडे चोखल्याचा आवाज. टोकाच्या फोनवर —

ताई. मी तिला सांगितलंही नव्हतं. डोळे मिटून हसत होती, आई गं, आई गं, म्हणत होती. मी रिसीव्हर ओढला. सुटेना. ओठ रबरासारखे ताणले गेले — जोर लावला — चिकट आवाज झाला आणि ओठांची साल त्यालाच राहिली. तिचं तोंड उघडून पाहिलं. गुळगुळीत.

हातोड्याने तो फोन फोडला. आतून दह्यासारखा घट्ट चिखल, दात, केस — बाई टाळ्या वाजवत लोकांना सांगत होत्या, घाबरू नका, बाकीचे चालू आहेत —

गुरुवार

ताईला पाणीही गिळता येत नाही. हनुवटीवरून ओघळतं.

माझा मोबाइल वाजला. नंबर ताईचा. तिचा मोबाइल इथे टेबलावर आहे. बंद.

उचलला. लांब ठेवलाय. आवाज ताईचा — इथे फार ओलं आहे गं, आई इथे नाहीच आहे — समोर ताई मान हलवतेय, नको, नको —

बोलणार नाही. फक्त लिहिणार. माझ्या मोबाइलच्या बारीक भोकातून थेंब येतोय. टेबलभर तो वास —

तोंड घट्ट मिटलंय. फोनमधली ती विचारतेय, जेवलीस का गं? रोजच्यासारखंच. किती प्रेमाने — ताईने असं विचारलं की माझ्या तोंडून आपोआप — नाही, तोंड — हो म्ह