रविवारचं राज्य

चामराजपेट, बेंगळूर
बुधवार

प्रिय श्वेता,

फोन उचलायचा नाही, मेसेज वाचून गप्प बसायचं, असं तू ठरवलंच आहेस, तेव्हा म्हटलं कागद घ्यावा. खाली छापखाना असताना कागदाला आमच्या घरात काही तोटा नाही. हा लग्नपत्रिकांच्या कापणीतून उरलेला आहे, जाड आहे, आणि एका कोपऱ्यात गणपतीची अर्धी सोंड छापून आलीय. तिकडे लक्ष देऊ नकोस. पत्र आमचे हे, म्हणजे तुझे उमाकांतअण्णा, तुमच्या गेटवर देऊन येतील. मी त्यांना बजावलंय, वर जायचं नाही, बेल वाजवायची नाही.

काल मल्लेश्वरमला पोरांच्या व्यायामाच्या सेंटरवर गेले होते, आमची सोनम गेल्यापासून पहिल्यांदाच. तिची खुर्ची घरात जागा अडवून बसली होती, कुणाच्या तरी पोराला होईल म्हणून देऊन टाकली. हयवदन सर एका बाळाचे आखडलेले पाय सोडवत होते, हात न थांबवता माझ्याशी बोलत राहिले. त्यांच्याकडून कळलं की तू शंतनुला व्यायामाला आणणं बंद केलंयस. त्याला उचलताना तुझी कंबर गेलीय, पट्टा बांधून भिंतीला धरून चालतेस. आणि पुढच्या महिन्यात शंतनुला शहराबाहेरच्या एका निवासात कायमचं ठेवायचं त्याच्या बाबांनी, सुशांतने, ठरवलंय. मी विचारलं, कुठला निवास? सरांनी नाव सांगितलं.

अगं, तो आपण दोघींनी पाहिलाय ना. माझ्या धाकट्या भावाचं लग्न निपाणीला होतं तेव्हाची गोष्ट. बँड वाजला की सोनमला आकडी यायची, तिला मांडवात नेणं शक्यच नव्हतं. चार दिवस कुणीतरी तिला सांभाळावं, एवढंच मला हवं होतं. एका ठिकाणी फिट येणारी मुलं घेत नव्हते. दुसरीकडे खाटा चारच आणि पुढच्या वर्षापर्यंत नंबर नाही. सेंटरच्या व्हरांड्यात मी फोनवर मराठीत रडत होते, ते ऐकून तू जवळ आलीस. पुण्याची ही पोरगी, जीन्स घातलेली, मला म्हणाली, मीपण शोधतेय, चला दोघी मिळून बघून येऊ. अशा आपण त्या निवासात गेलो.

तिथला तो माणूस आपल्याला अगदी अदबीनं म्हणाला होता की चार दिवसांसाठी आम्ही ठेवत नाही, ठेवायचं तर कायमचं ठेवा. पहिले दोन महिने आईबापांनी भेटायचं नाही, त्याशिवाय मुलांना सवय होत नाही. जेवणाची वेळ होती. भिंतीला टेकवून मुलं ओळीनं बसवलेली, मुलगे-मुली सगळ्यांचे केस एकसारखे बारीक कापलेले. एका भांड्यात कालवलेला सांबारभात, एक बाई आणि एक चमचा. चमचा तोंडाशी आला की तोंड उघडायचं. जो उघडणार नाही त्याला ओलांडून चमचा पुढच्या मुलाकडे जायचा. ती बाई दुष्ट नव्हती ग. तिच्यापुढे ओळच तेवढी मोठी होती.

परतीच्या बसमध्ये आपण दोघी शेजारी बसलो. मग तूच म्हणालीस, लीलाक्का, एका रविवारी सोनमला माझ्याकडे सोडा, पुढच्या रविवारी शंतनुला तुम्ही घ्या. निपाणीच्या लग्नाला मी गेले नाही ते नाहीच, पण मला रविवार मिळाला. पहिल्यांदा सोनमला तुझ्या मांडीवर दिली तेव्हा तू हसून म्हणालीस, आज राज्य माझ्यावर. लपाछपीत पोरं म्हणतात तसं. तेव्हापासून आपण तेच म्हणायला लागलो, या रविवारी राज्य कुणावर? आपले नियमही तूच घातलेस. आभार मानायचे नाहीत. बदल्यात डबा पाठवायचा नाही. आणि जिचा रविवार मोकळा, तिने फोन करायचा नाही. काही झालंच तर जिच्यावर राज्य आहे ती करेल.

सुरुवातीला मी तुझी किती थट्टा करायचे. एवढी वर्षं बेंगळूरात राहून तुला कन्नडचे दोनच शब्द येत होते, स्वल्प आणि सरी. तेवढ्यावर तू माझ्या पोरीला जेवू घातलंस. घास पुढे करून स्वल्प, म्हणजे थोडंसं, आणि तिनं गिळला की सरी, म्हणजे बरं. आणि वर तिला पास्ता भरवलास. मी चिडले, तर तू म्हणालीस, तिला आवडला. घरी येऊन ती मऊ भाताला तोंड लावेना, तेव्हा तुला मनातल्या मनात चांगल्या शिव्या घातल्या. तुझा शंतनु आमच्याकडे आला की अण्णांच्या छपाईच्या ट्रेडल मशीनशेजारी बसायचा. मशीनचा धाड-धाड आवाज सुरू झाला की त्याची मान वर यायची आणि हसू फुटायचं. घाईची कामंसुद्धा हे त्याच्या रविवारासाठी मागे ठेवायचे. मी विचारलं की म्हणायचे, शाई वाळली नाही अजून.

आता त्या रविवारचं लिहिते. संक्रांत नुकतीच झाली होती. राज्य तुझ्यावर होतं. सोनमला तुझ्याकडे सोडून हे परत आले आणि त्यांच्या मित्राकडे गेले. मी सावकाश न्हाले. गरम जेवले, ताटावरून एकदाही न उठता. मग आडवी झाले. फोन दुसऱ्या खोलीत होता. तू फोन करत होतीस तेव्हा मी बाजारात असेन, गोंगाटात ऐकू आला नसेल, असं तुला वाटलं असेल. मीही ते खोडलं नाही. श्वेता, मी झोपले होते. सोनम जन्मल्यापासून अशी झोप मला लागली नव्हती. ती तुझ्या हॉलमध्ये शंतनुच्या शेजारी दुपारची झोपली होती आणि मी इथं झोपले होते. मायलेकी एकाच वेळी झोपलो होतो. मी उठले, ती उठली नाही.

पुढचं तू थोडंच पाहिलंस. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात, तीही बसवून. अकरा वर्षं त्या पोरीला बसवायला मी काय काय केलं. उशा, पट्टे, कोपऱ्याची खुर्ची, हयवदन सरांचे व्यायाम. आधाराशिवाय ती कधी क्षणभर बसली नाही. त्या दिवशी आमच्या लोकांनी तिला मांडी घालून बसवलं, कपाळभर विभूती लावली, आणि ती बसली. मान जराशी कललेली होती, ती मी सरळ केली. वर बघितलं तर तू फाटकापाशी उभी. शंतनुची व्हीलचेअर तुझ्या पुढ्यात, आणि तिच्या दांड्या तू दोन्ही हातांनी घट्ट धरलेल्या. आत आली नाहीस. मीही ये म्हटलं नाही.

मग लोक यायला लागले. तुला सांगते, सगळे एकच बोलले. सुटली. तीही सुटली, तूही सुटलीस. माझ्या सासूबाई गंगव्वा, ज्यांनी सोनमच्या जन्मानंतर वर्षभर तिला मांडीवर घेतलं नव्हतं, त्या मला पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, देवानं तुझे हात मोकळे केले. मी त्यांना उठून जायला सांगितलं. अजून आमचं बोलणं नाही. हे मोकळे हात घेऊन काय करू ते कुणी सांगत नाही. सकाळी भात थोडा जास्तच शिजवते, मग हे डब्यात दोनदा भात नेतात.

तुझ्याबद्दल काय वाटलं तेही लिहिते, कारण तुला ते आतून माहीतच असणार. मी तुला दोष दिला. महिनाभर दिला. ती झोपली तेव्हा ही काय करत होती, लॅपटॉप उघडून बसली होती का, पालथी तर निजवली नव्हती ना, एकदा तरी नाकाखाली बोट धरलं का. स्वयंपाक करताना मी तुझ्याशी मोठ्यानं भांडायचे. मग तू कुरिअरनं सोनमची पिशवी पाठवलीस. तिचा नाकाला लागू नये म्हणून एका बाजूनं कापलेला पेला, औषधाची बाटली, आणि लाळेरी. धुऊन, इस्त्री करून, चौकोनी घड्या घातलेली. लाळेऱ्याला कोण इस्त्री करतं ग? ती पिशवी मांडीवर घेऊन मी बसले आणि मला कळलं की तू माझ्यापेक्षा जास्त भांडतेयस, तेही स्वतःशी. डॉक्टरांनी आम्हाला नंतर समजावलं, फिटच्या मुलांचं झोपेत असं होऊ शकतं, माझ्या कुशीत असती तरी झालं असतं. ते मला पटलंय. पटलं म्हणून दुखायचं थांबत नाही, पण तुझ्यावरचा राग गेलाय, हे लिहून ठेव.

आणि तू काय केलंस? सगळं बंद केलंस. रविवार बंद, सेंटर बंद. दुसऱ्याचं मूल आपल्या हातात गेलं, आता आपलं मूल कुणाच्या हातात द्यायचा आपल्याला हक्क नाही, असंच काहीतरी तुझ्या डोक्यात असणार. तेरा वर्षांचा वाढलेला मुलगा, त्याला एकटीनं उचलून अंघोळ, एकटीनं संडास. कंबर जाणारच होती. सुशांतला मी वाईट म्हणणार नाही. बायको मोडताना दिसतेय आणि या शहरात त्याला एकच दार उघडं सापडलं, ते कायमचं. पण शंतनुला तू ओळखतेस. हनुवटीला बोट लावून थांबावं लागतं, कधीकधी पार कंटाळा येईपर्यंत, तेव्हा कुठे तो तोंड उघडतो. तो चमचा त्याच्यासाठी थांबणार नाही, श्वेता. दोन महिने तुम्हाला भेटू देणार नाहीत. दोन महिन्यांनी तुम्हाला काय बघायला मिळेल, हे मी कागदावर लिहीत नाही.

मी देवी होऊन हे लिहितेय असं समजू नकोस. तुझा आहे आणि माझी गेली, हे मला खुपतं, रोज खुपतं. परवा शेजारच्या बाईनं तिचं तान्हं जरा धरा म्हणून हातात दिलं तर मी ते लगेच परत दिलं. शंतनुला भरवताना काय होईल मला ठाऊक नाही. तो दुपारी झोपला तर मी त्याच्याजवळून हलणार नाही, सारखं त्याच्या नाकाखाली बोट धरीन, कदाचित त्याची झोपमोडही करीन. अशा बाईकडे मूल द्यायचं नाही असं तुला वाटलं तर तेही बरोबरच आहे. पण रविवार उजाडला की हे खाली प्रेस उघडतात. काम नसतं. मशीन पुसतात, तेल घालतात आणि बंद करून वर येतात. आम्ही दोघं समोरासमोर बसतो. तुझ्यासाठी लिहितेय म्हणावं तर आमच्यासाठीही लिहितेय.

तर आता कशासाठी लिहिलं ते. त्या शेवटच्या रविवारी राज्य तुझ्यावर होतं. तू ते शेवटपर्यंत केलंस, तिला दवाखान्यात नेलंस, तिथं तिचा हात धरून उभी होतीस, मी नव्हते. त्याच्या पुढचा रविवार माझा होता. तो मी अजून केलेला नाही. या रविवारी सकाळी अण्णा व्हॅन घेऊन तुमच्या गेटशी थांबतील. शंतनुला सुशांतनं खाली आणावं, तू उचलायचं नाहीस. नाही आणलंत तर हे थोडं थांबून परत येतील, आणि मी कधी काही विचारणार नाही. आणलंत तर दिवेलागणीच्या आत तो घरी पोचेल. एका रविवारानं तुझी कंबर सुधारत नाही, तेही मला कळतं. बरी होईपर्यंत मी त्याला आठवडाभरही ठेवीन, पण ते तू एकदम मान्य करणार नाहीस, म्हणून आधी हा एक. सुशांतला एवढंच सांग, पुढच्या महिन्याच्या आत एकदा आमच्याकडे येऊन शंतनुला जेवताना बघून जा. नियम तेच आहेत. आभार नाहीत, डबा नाही, फोन नाही. पट्टा सोड, पाठीखाली गरम पिशवी घे आणि झोप. सोनम झोपेत गेली म्हणून तू जन्मभर जागी राहायचं असं कुणी सांगितलेलं नाही. झोप, श्वेता. मी जागी आहे.

तुझीच,
लीलाक्का