ओळखीचा आवाज

प्रिय विनी,

रिडलीबाई, हे पत्र माझ्या बहिणीला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नका. ती रडली तरी थांबू नका.

विनी, लंडनमध्ये धुकं आहे आणि मी घरीच बसून असतो. मागच्या महिन्यात चित्रीकरणाला गेलो होतो. नेहमीचंच, बटलरचं काम. वाक्य एकच : "गाडी आली आहे, सरकार." तोंड उघडलं तर घशातून नुसती खरखर निघाली. दिग्दर्शक पोरगेलासा. म्हणाला, "आजोबा, बटलर हवाय, बेडूक नको!" सगळे हसले. मीही हसलो, आणि हातातलं तबक ठेवून घरी आलो.

बाबा म्हणायचे ना, "गोदीतली चांगली नोकरी सोडून हा तोंडाला रंग फासणार!" त्या रंगावरच जन्म काढला. हवालदार झालो, पाद्री झालो, न्हावी, फाशी देणारासुद्धा. नाव मात्र कुणाला ठाऊक नाही. रस्त्यात लोक थबकतात नि विचारतात, "तुम्ही आमच्या पोस्टात होतात का हो?" मला ओळखलंस ती एकटी तू. लहानपणी गोवरानं तुझे डोळे गेले, पण सिनेमात माझे दोन शब्द कानी पडले की रिडलीबाईंचा हात दाबून तू ओरडायचीस, "हा आमचा सेप!" आजूबाजूचे लोक वैतागायचे म्हणे.

घशात गाठ आहे, विनी. गुरुवारी कापणार. "जीव वाचेल," डॉक्टर म्हणाले, "आवाज नाही वाचणार." मरणाची एवढी धास्ती नाही, पडद्यावर कितीदा तरी मेलोय. पण परवा, सवय व्हावी म्हणून, बेकरीत न बोलता नुसतं बोट दाखवून पाव मागितला. बाई बहिऱ्याशी बोलावं तशी किंचाळून बोलायला लागली. मी पाव तिथेच टाकून पळालो. तेव्हापासून एकच भीती खाते आहे : मी तुझ्यासमोर उभा असेन आणि तुझ्यालेखी तिथे कुणीच नसेल.

म्हणून मंगळवारच्या गाडीनं सन्डरलंडला येतोय. उरलासुरला आवाज तुझ्यापाशी बसून संपवायचाय, बटलरच्या नाही, आपल्या घरच्या बोलीत. माझा चेहरा हातांनी नीट चाचपून घे. पुढे कधी कुणी तुझ्या खुर्चीशेजारी येऊन बसलं, तुझा हात हातात घेतला आणि "कोण?" म्हणून विचारल्यावर बोललंच नाही, तर भिऊ नकोस. तो मीच असेन.

तुझाच,
सेप