वियोलाची तोंडी परीक्षा

१२ मे

पावाला तेल, वर साखर भुरभुरलेली. मधल्या सुट्टीत मी आणि तुल्लिओ नन्सच्या शाळेच्या मागच्या पायरीवर बसून खायचो. मी वरच्या मजल्यावर, शहाण्या मुलींच्या वर्गात. माझा धाकटा भाऊ तळमजल्यावर, 'तसल्या' मुलांमध्ये. त्याचे शब्द फार सावकाश यायचे. घंटा व्हायची वेळ झालेली असायची, म्हणून तो "मला..." म्हणाला की पुढचं मी पूर्ण करायचे. सिस्टर म्हणायच्या, "एर्सिलिआ, तू तर त्याची जीभच आहेस." केवढा अभिमान वाटायचा मला!

ते तळमजले कधीच बंद झाले. आता सगळी मुलं एकाच वर्गात बसतात, आणि मी तिथे अशा मुलांच्या शेजारी बसणारी आधार-शिक्षिका — तीस वर्षं झाली. या जूनमध्ये निवृत्त. तुल्लिओ एकसष्टचा आहे. माझ्याकडेच असतो. आत्ता रेडिओवर सायकलची शर्यत ऐकतोय.

१९ मे

माझ्या वर्गातल्या वियोलाचा विषय ठरला — टोमॅटो. आठवीची तोंडी परीक्षा. समोर सगळे शिक्षक, मागे तिचे वर्गमित्र. टोमॅटो अमेरिकेतून कसा आला हे इतिहासात, बी कसं रुजतं हे विज्ञानात.

"आणि आजीचा सॉस?" वियोलाने विचारलं.

"तो भूगोलात घालू."

चाकाच्या खुर्चीतून खाली घसरेल इतकी हसली. एका वाक्याला तिला कधी कधी अर्धं मिनिट लागतं. डोकं मात्र गणिताच्या बेनेदेत्ती सरांपेक्षा जलद. हे इथेच राहू दे.

२३ मे

परीक्षेतल्या सवलतींचा कागद भरला. दरवर्षीसारखंच लिहिलं: विद्यार्थिनीच्या वतीने आधार-शिक्षिका बोलेल. बेनेदेत्ती सर खूश. "छान! म्हणजे सगळे वेळेवर जेवायला जाऊ."

२६ मे

वियोलाच्या हातात तो कागद पडला.

"बाई, हे कु—"

"कुणी लिहिलं? मीच, बाळा."

"मला विचारा—"

"हो, विचारायला हवं होतं, पण—"

तिने टेबलावर हात आपटला. मग एकेक शब्द. "तुम्ही. माझी वाक्यं. पळवता."

तिचा मित्र एनेआ शेजारीच होता. "खरंय, बाई. दर शुक्रवारी कँटीनमध्ये हिच्यासाठी मासा तुम्हीच मागता. हिला मासा आवडत नाही. तीन वर्षं गिळतेय."

"मग सांगितलं का नाहीस गं?"

"संधी—"

"मिळाली नाही," मी म्हटलं.

३ जून

मुख्याध्यापिकांकडे गेले. कागद बदलायचाय. बोलेल वियोला; वेळ वीसच्या जागी चाळीस मिनिटं.

बेनेदेत्ती सर कळवळले. "पोरगी अडकली तर? सगळ्यांसमोर रडली तर? एर्सिलिआबाई, जरा दया करा तिच्यावर." माणूस वाईट नाही. दहा दिवसांपूर्वी मीही हेच म्हणाले असते.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बोलता आलं नाही तर गुण जातील. घरी स्पष्ट सांगा." सांगितलं. आईने दोनदा वाचून सही केली. वियोलाने आपलं नाव सावकाश, पूर्ण लिहिलं.

१२ जून

सराव. मी तोंडात पाण्याचा घोट धरून बसते. दोनदा गिळला गेला, एकदा ठसका लागला. शिपाई अर्मांदो दारातून डोकावला. "बाई, दाढ दुखतेय का?"

२० जून

झालं!

अमेरिका, जहाजं, बी — सगळं नीट. सॉसपाशी अडकली. मान ताणलेली, ओठ हलतायत, शब्द येत नाही. मला तो शब्द माहीत होता. जिभेवर होता. नखं तळहातात रुतवून बसले. बेनेदेत्ती सर मदतीला पुढे झुकले, तेव्हा टेबलाखाली त्यांच्या बुटावर पाय दिला. सव्वाशे किलोंचा त्यांचा कळवळा, पण गप्प बसला.

आणि वियोला म्हणाली, "सर. सॉसला. वेळ लागतो. आमच्याकडे. मध्येच. झाकण. उघडत नाहीत."

एनेआ बाकावर उभा राहिला. त्याला कुणी खाली बसवलं नाही. दहापैकी नऊ.

२१ जून

जेवताना तुल्लिओला सगळं साग्रसंगीत सांगितलं. तो खूप हसला. मग म्हणाला, "मला..."

मी ओठ मिटले. रेडिओवरच्या बातम्या संपल्या, एक अख्खं गाणं झालं.

"मला. सेर्जिओबरोबर. राहायचंय."

सेर्जिओ म्हणजे तुल्लिओ काम करतो त्या कार्यशाळेतला मित्र. तो आणि आणखी एक जण गावात घर घेऊन राहतात, मदतनीस येऊन-जाऊन असतो. तिसरी खोली रिकामी.

"हे कधीपासून मनात आहे तुझ्या?"

"तीन. वर्षं. सांगितलं होतं. ताई."

आठवलं. "मला सेर्जिओबरोबर..." इथवर तो आला होता, आणि "जेवायचंय" हे मी जोडलं होतं. म्हणून तो बिचारा सेर्जिओ तीन वर्षं दर रविवारी आमच्याकडे जेवतोय.

३० जून

खाली टेंपो आलाय. पलंग, मोठी कॉफीची किटली आणि जेवणाच्या तीन खुर्च्या तुल्लिओला. चौथी खुर्ची मला. शिवणाचं टेबल वियोलाला. तिची चाकाची खुर्ची त्याखाली बरोबर जाते. गच्चीवरची तुळशीसारखी वाढलेली बेझिलची कुंडी अर्मांदोला. नव्या घराची किल्ली तुल्लिओकडे. माझ्यासाठी दुसरी करायची का, असं त्याला विचारलंय. तो बोलतोय.