अव्वांचं कपाळ

सर, अव्वांचं कपाळ गेलं. म्हणजे तुमच्या आईचं, तुम्ही लाकडी फळीवर काढलेल्या अव्वांचं. बाकी सगळं जागच्या जागी आहे: नाक, गाल, कानाच्या पाळीचं ओघळलेलं भोक, डोईवरच्या पदराचा विटकरी काठ. फक्त भुवयांच्या वर, जिथं तुम्ही भस्माचे तीन पट्टे काढले होते, तिथला रंग सुटून खालचा पांढरा थर दिसायला लागलाय. तीन आठवड्यांपूर्वी काकूंनी ती फळी जुन्या साडीत गुंडाळून रिक्षातनं माझ्याकडे आणली. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली, काकू आता ऐंशीच्या घरात आहेत. माझा जिना चढताना दोनदा थांबल्या, पण फळी काही माझ्या हातात दिली नाही. स्वतःच टेबलावर ठेवली, साडी उलगडली आणि म्हणाल्या, "माझ्याच हातानं गेलं बघ."

तुम्ही होता तोवर चित्राच्या आसपास ओलं फडकं फिरकू दिलं नाहीत. तुमच्यामागं मात्र काकू दर सोमवारी आंघोळ करून चित्र पुसायच्या आणि आपल्या सासूच्या कपाळाला तीन बोटांनी भस्म लावायच्या. पुढच्या सोमवारी ते पुसायचं, परत लावायचं. अठरा वर्षं. आता त्यांच्या मनानं घेतलंय की सासूचं कपाळ सुनेनं पुसून टाकलं. जेवण तुटलंय म्हणाल्या. निघताना दारात थांबून एवढंच बजावलं, "आमच्यात चालंल तेवढंच घाल ह्यात." मी मान हलवली. तेव्हापासून माझं बूड एका जागी टेकलेलं नाही. चहा टाकते आणि विसरते. ठशांचे दोन लाकडी ब्लॉक अर्धे कोरून पडलेत, ते हातात घेते आणि ठेवून देते. कारण तुमच्यात न चालणारं ते त्या फळीत पहिल्यापासूनच आहे, आणि हे तुम्ही नि मी सोडून कुणालाच ठाऊक नाही.

तुमची ती मागची खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. परसात लिंबाचं झाड, उत्तरेला खिडकी, खिडकीखाली तुमचं टेबल. कॉलेजात तुम्ही आम्हाला लिनोवर नि लाकडावर कोरून ठसे घ्यायला शिकवायचा, पण फळीवरचं काम घरी चालायचं, आणि ते शिकायला मी एकटीच यायची. चांगली मुरलेली फणसाची फळी, तिच्यावर चिंचोक्याची खळ, मग खळीत कालवलेली खडूची पूड, थरावर थर, प्रत्येक थर वाळला की घासायचा. परदेशातले लोक यात जनावराच्या कातड्याचा सरस घालतात, तो तुम्हाला नको होता, म्हणून चिंचोके. ते अव्वाच चुलीवर शिजवून द्यायच्या. आठव्या थरानंतर फळीवरनं तळहात फिरवायला सांगायचा आणि विचारायचा, कळतंय का काही. मी म्हणायची, गार लागतंय. मग तुम्ही खूश. सरसाला वाट सापडली, पण रंग कालवायला अंड्याचा बलक लागतो, त्याला काही वाट सापडेना. डिंक घालून बघितला, तर रंग तडकला. आणि अंड्याला हात लावायचा नाही, हा शब्द मुंबईला शिकायला जाताना तुम्ही अव्वांना गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून दिला होता. पुढं काय करायचं ते तुम्ही सांगितलं नाहीत. एवढंच विचारलंत, "तुमच्याकडं कोंबड्या हायत न्हवं?"

होत्या की. कागलजवळच्या आमच्या गावाहून मी एस. टी.नं यायची, मांडीवर डबा, डब्यात भुसा, भुशात दोन अंडी. पांढरं वेगळं करायचं, पिवळा गोळा या तळहातावरनं त्या तळहातावर कोरडा होईपर्यंत फिरवायचा, चिमटीत धरून सुईनं टोचायचा, आतलं वाटीत सोडायचं आणि पापुद्रा टाकून द्यायचा. हे सगळं तुम्ही पुस्तकातनं वाचून मला तोंडी शिकवलंत, स्वतः पाठीमागं हात बांधून. चित्र तुमचं, अंडं माझं. अव्वा दारात पाटावर बसायच्या आणि मी कपाटाआड त्यांच्याच चित्रासाठी अंडं फोडत असायची. एकदा त्यांनी विचारलंच, "त्या डब्यात काय आणतीस गं?" मी घाईघाईनं म्हटलं, गूळ. "दे की मग." त्या दिवशी संपला म्हणून सांगितलं, पण दुसऱ्या दिवसापासून मला दोन डबे आणावे लागले. दोन वर्षं अव्वांनी आमच्या गुऱ्हाळाचा गूळ खाल्ला, आणि तुम्ही खाली मान घालून हसायचात ते मला दिसायचं.

त्या दोन वर्षांत माझ्या हातून एकही बलक फुटला नाही. इतर बाबतीत मी काही शहाणी नव्हते. माझ्या पहिल्या लाकडी ठशात एका कोपऱ्यात शाई उठली नव्हती, रुपयाएवढा पांढरा डाग राहिला होता. मी तो ब्रशनं भरला आणि तुमच्यापुढं ठेवला. तुम्ही कागद उजेडात तिरका धरलात आणि वर्गात सगळ्यांसमोर म्हणालात, "उठलं न्हाय तर उठलं न्हाय म्हणायचं. भरून दाखवायचं न्हाय." कानाच्या पाळ्या तापल्या होत्या माझ्या. आठवडाभर मी तुमच्या घरी फिरकले नाही. आले तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरातनं अव्वांचा पितळी चमचा आणून दिलात. त्याची पाठ झिजून गुळगुळीत झाली होती. कागद ब्लॉकवर ठेवून त्यानं घासायला लावलंत, आणि कोपऱ्यातली शाई उठली. तो चमचा मला दिलात तो दिलातच. अव्वा बरेच दिवस शोधत होत्या. मी अजून त्यानंच ठसे घेते.

मग ते दोन दिवस. चित्र संपत आलं होतं, फक्त कपाळ राहिलं होतं, आणि अव्वांनी अंथरूण धरलं. माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं, दोन दिवस येणार नाही असं सांगून मी गेले होते. अंडी भुशाच्या डब्यात ठेवून गेले, परत आल्यावर लागतील म्हणून. तिसऱ्या दिवशी आले तर घरात माणसं भरलेली. अव्वांना आदल्या दिवशीच माती दिली होती. काकूंना भेटून मी मागच्या खोलीत आले. कपाळ पूर्ण झालं होतं, भस्माच्या तिन्ही पट्ट्यांसकट. भुशाचा डबा रिकामा. दोन्ही टरफलं टेबलाखाली, चेंगरून बारीक झालेली. म्हणजे पहिलं नीट फुटलं नव्हतं. आई आत शेवटच्या घटका मोजत होती आणि तुम्ही इथं एकटे, तिला दिलेला शब्द मोडून तिचंच कपाळ काढत होतात. मी टरफलं लिंबाखाली पुरली. तुम्ही परसात नळाखाली हात धूत होतात. माझ्याकडे बघितलंत आणि परत साबण लावलात. त्यावर आपण कधीच बोललो नाही.

आता आजचं. काकूंना मान हलवली होती म्हणून आधी दुधानं करून बघितलं. दूध नासवलं, चोथा पिळून काढला, चुन्यात घोटला, रंग कालवला आणि एका जुन्या फळीवर लावून पाहिला. वाळल्यावर फिका पडला, गिलावा मारल्यासारखा. अव्वांच्या गालांवर ती मऊ चमक आणि वर हे ठिगळ. ट्यूबमधला रंग तर मी काढलाच नाही, तुम्ही स्वप्नात येऊन झापलं असतं. मग भिंग घेऊन बसले आणि तिथं जे दिसलं त्यानं झोप उडाली. काकूंचं फडकं पूर्ण तोंडावरनं फिरत होतं, अठरा वर्षं, पण गाल शाबूत आहेत, नाक शाबूत आहे. त्यांना काही होत नाही, नीट कालवलेला रंग एवढं सोसतो. कपाळाचा रंग झिजलेला नाही, खवले होऊन सुटलाय. बलकात पांढरं मिसळलं की तो असा ठिसूळ होतो. काकूंच्या हातानं काहीच गेलं नव्हतं. कपाळ तुमच्या हातानं गेलं, सर. ज्या हातांना अंडं फोडायची सवय नव्हती त्या हातांनी.

हे कळल्यावर आधी बरं वाटलं, मग पुढचं सुचलं. काकूंच्या डोक्यावरनं ते ओझं काढायचं तर अंड्याचं सांगावं लागणार, आणि अंडं कुणी फोडलं हेही. नाही सांगायचं, तर ती बाई सासूचं कपाळ पुसलं म्हणून झुरत जाणार. आठ दिवस मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. तुमचा राग आला, अगदी खरा. तुम्ही आयुष्यभर गप्प बसलात आणि बोलायचं काम माझ्यावर टाकून गेलात.

काल सकाळी तुमच्या घरी गेले. काकू सोप्यात मेथी निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की त्या चित्रात अंडं आहे, थोडंथोडकं नाही, सगळ्या रंगात आहे. त्यांचा हात थांबला. मग म्हणाल्या, "मला सांगितलं असतं तर मी काय त्यास्नी घरातनं हाकललं असतं व्हय?" याचं उत्तर तुमच्याकडे होतं का? नंतर त्यांनी तेच विचारलं ज्याला मी भीत होते. "त्यांनी हात लावला न्हवता न्हवं? अव्वास्नी शब्द दिलता."

मी म्हटलं, "न्हाय काकू. अंडी मीच आणायची, मीच फोडायची. आणि कपाळाच्या दिवशी माझ्याकडनं पांढरं मिसळलं, म्हणून ते सुटलं. तुमच्या फडक्यानं न्हाय."

"माझ्या हातानं न्हाय गेलं?"

"न्हाय."

काकूंनी मेथीचं ताट खाली ठेवलं आणि पदरानं तोंड झाकून रडल्या. त्यांना इतकं हलकं झालेलं बघून मलाही रडू आलं. मग डोळे पुसून त्यांनी माझ्याकडे बघितलं, नीट, खालपासून वरपर्यंत, आणि म्हणाल्या, "एवढं शिकीवलं त्यांनी तुला, आनि एक अंडं धड फोडता आलं न्हाय?"

सर, तिथं मी खाली मान घातली. आता कशानं करणार म्हणून त्यांनी विचारलं, मी खरं ते सांगितलं. ताट परत पुढ्यात ओढून म्हणाल्या, तुझ्याकडंच कर, घरात अंडं आणू नको, वाळलं की चित्र घेऊन ये. भस्म यापुढं चौकटीला लावीन. चहा दिला, गूळ घातलेला. मी घरी न जाता रंकाळ्याला दोन फेऱ्या मारल्या तरी ते वाक्य डोक्यातनं जाईना. पन्नाशी उलटली माझी, हाताखालनं एवढी मुलं शिकून गेली, आणि एका म्हातारीनं म्हटलं की तुला अंडं फोडता आलं नाही, तर मला जाऊन सांगावंसं वाटत होतं की काकू, मी नव्हते हो, तुमचे ते होते. आज सकाळी कपाळ केलं. बलक तळहातावरनं फिरवताना हात जरासुद्धा कापला नाही, हे मुद्दाम लिहिते. पट्टे तुमच्यासारखे जमले नाहीत, मधला किंचित जाड झालाय. सोमवारी चित्र घरी जाईल.

हा कागद म्हणजे एका फसलेल्या ठशाची पाठ आहे, पलीकडची शाई इकडं उमटलीय. मी लिहायला बसले ती तक्रार करायला. माझा एकही बलक फुटला नव्हता, हे ज्याला माहीत होतं असा माणूस एकच, म्हणून तुम्हाला. चमचा ठेवते त्या खणात हा कागद घडी करून टाकणार आहे, दुसरं काय करणार. पण उठलं नाही तर उठलं नाही म्हणायचं असतं, भरून दाखवायचं नसतं, हे तुम्हीच शिकवलंत, तर एक राहिलंय ते लिहिते. त्या दिवशी टेबलाखाली टरफलं होती, तशी टेबलावर वाटीही होती. तिच्यात पांढऱ्याच्या वाळलेल्या तारा होत्या. बघताक्षणी मला कळलं होतं की हे कपाळ टिकणार नाही. रंग पक्का झाला नव्हता अजून, त्याच दिवशी खरवडून नव्यानं करता आला असता. मी बोलले नाही. वाटी उचलली आणि धुऊन पालथी घातली. तुम्ही हात पुसत आत आलात आणि विचारलंत, वाटी कुठाय. मी म्हटलं, धुतली. तुम्ही म्हणालात, बरं केलंस. आणि मला तेव्हा वाटलं होतं, आता काही बोलायला नको, सुटले.