महाराजांची प्रकृती उत्तम

४ मार्च

आज दोन तास हात हलवला. बस्स, एवढंच! शिष्टाचाराच्या बाईंच्या मते मी अजूनही "माशी हाकलल्यासारखा" हलवते. कोपर अंगालगत, बोटं मिटलेली, चेहरा प्रसन्न. प्रसन्न म्हणजे आनंदी नव्हे – त्यावर वेगळा तास आहे, गुरुवारी. सतराव्या वर्षी मला साधं अंडं उकडता येत नाही, पण सज्जातून लाखभर लोकांना एकदम ओळख दाखवता येते. देशाने निर्धास्त झोपावं.

५ मार्च

प्रवेश मिळाला! गुरांच्या डॉक्टरकीला, समुद्रापलीकडे, चार वर्षं. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालावा लागतो म्हणे. आत्याने कपाळावर हात मारला. "उद्याची राणी गुरांच्या मागे उभी राहणार?" म्हटलं, "मंत्र्यांच्या पुढे उभं राहण्यापेक्षा बरं." बाबा कपातला चहा सांडेपर्यंत हसले. "जा तू. मी कुठे जातोय? अजून वीस वर्षं खुर्ची सोडत नाही." लेखी घ्यायला हवं होतं.

११ मार्च

बाबा तीन दिवस दिसलेले नाहीत. आई म्हणते, दमलेत. डॉक्टरांना विचारायची मला बंदी – वारसाने राजाच्या तब्येतीची चौकशी केली की घाई झाल्यासारखं दिसतं! मग काय, डोक्यावर टोपी ओढली आणि चारचौघांसारखी फाटकावरचा फलक वाचायला गेले. 'महाराजांची प्रकृती उत्तम.' शेजारी एक भाजीवाली वाचत होती. "चला, बरे आहेत म्हणजे," ती मला म्हणाली. मी मान डोलावली. तिला जेवढं माहीत, तेवढंच मलाही.

१२ मार्च

आज बुधवार. सचिवांच्या टेबलावर रविवारपर्यंतचे फलक तयार! सोमवारीच आठवड्याचे लिहून ठेवतात. 'गुरुवार – उत्तम. शुक्रवार – उत्तम.'

"तीस वर्षं असंच लिहितोय, ताईसाहेब. एकदाही चुकलं नाही."

"गेल्या वर्षी बाबांचा पाय मोडला होता ना?"

"पाय मोडला होता. प्रकृती उत्तम होती."

अशा माणसापुढे काय डोकं फोडणार!

१४ मार्च

शेवटी रीतभात गुंडाळून ठेवली आणि सरळ बाबांच्या खोलीत घुसले. खुर्चीत होते, गळ्यापर्यंत पांघरूण, चेहरा पांढराफटक. जिना चढून आल्यासारखा श्वास – आणि हे तर बसलेले! "मी जात नाहीये," म्हटलं. भडकले. "मला अठराव्या वर्षी बसवलं इथे. कोणी विचारलं नाही. तू निदान चार वर्षं तरी माणसासारखी जग." मग धाप. मग म्हणाले, "आणि फलक वाचला नाहीस का? मी उत्तम आहे." दोघंही हसलो. बाहेर येऊन मी जिन्यात बसून रडले. मनातलं लिहिलं की भीती कमी होते म्हणतात. काहीही! मला फार भीती वाटतेय.

१५ मार्च

बॅग भरली. गोठ्यातले जाड बूट, दोन जोड. उद्या दुपारची बोट. बाबांनी निरोप पाठवलाय – थांबलीस तर बोलणार नाही.

१६ मार्च

सकाळी नाश्त्याला खाली गेले. दार उघडलं तशी आत्या उठली, सचिव उठले. आईसुद्धा उठून उभी राहिली. बाबा बरे होऊन खाली आले असतील म्हणून मी चटकन बाजूला सरकून वाट दिली. मागे कोणीच नव्हतं.